एक टेनर, दोन ढीग

प्रकरण असं आहे. नागपूरजवळच्या कामठीत राहणारे एक टेनर सॅक्सोफोनवादक, वय नव्वदीच्या जवळ. नोकरी आयुष्यभर मोतीबागच्या रेल्वे कारखान्यात फिटरची. कारखान्याबाहेरचा सगळा वेळ वाजवण्यात गेला. त्यांच्या वादनाच्या टेप तीन ठिकाणी निघाल्या: अजनीच्या रेल्वे वसाहतीजवळच्या एका माळ्यावर एक स्पूल म्हणजे टेपचं मोठं रीळ, कामठीत त्यांच्या घरी पत्र्याच्या पेटीत कॅसेटी, आणि इतवारीत धंदा बंद केलेल्या एका कॅसेटवाल्याकडे उरलेला माल. स्पूलवर जॅझ आहे. कॅसेटींवर भीमगीतं, ऑर्केस्ट्रा, लग्नाचा बँड. दुसऱ्या शहरातल्या एका संग्राहकाला स्पूलची ध्वनिमुद्रिका काढायची आहे, कॅसेटींमध्ये त्याला रस नाही. घरच्यांचं म्हणणं, दोन्ही घ्या, नाहीतर काहीच नको. स्पूल नागपुरातल्या आमच्या ऐकणाऱ्यांच्या छोट्या गटाकडे आला होता, त्यामुळे मधली जागा आमच्या वाट्याला आली.

वादकाचं नाव इथे देत नाही. ज्या माणसाचं नाव आजवर कुठल्याही कॅसेटच्या वेष्टनावर आलं नाही, त्याच्यावरच्या लेखातही ते नसावं हे विचित्र दिसतं, हे मान्य. पण त्यांच्या थोरल्या मुलीची अट स्पष्ट आहे: नाव पहिल्यांदा छापलं जाईल ते बाबांच्या वाजवण्यावर, दुसऱ्या कुणाच्या लिखाणावर नाही. तेव्हा इथे ते नुसते काका.

टेप आणि तिचा सूर

अजनीतल्या त्या घराचे जुने शेजारी म्हणजे एका अँग्लो-इंडियन मेल ड्रायव्हरचं कुटुंब. ते ऑस्ट्रेलियाला गेलं तेव्हा बरोबर नेता न येणारं सामान इथेच ठेवून गेलं. त्यात ग्रुंडिगचं टेपरेकॉर्डर होतं आणि स्पुलांचा एक डबा. रेकॉर्डर पुढे भंगारात गेलं, डबा माळ्यावर राहिला. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर असताना कौलाखालच्या माळ्यावर टेपचं काय होतं, ते डबा उघडताच नाकाला कळलं. व्हिनेगरचा वास. अ‍ॅसिटेटवर काढलेली टेप उष्णतेनं आणि दमटपणानं कुजते तेव्हा अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सोडते, आकसते, वाकडी होते. डब्यातला बहुतेक माल असा गेलेला. एक स्पूल उजेडासमोर आडवा धरला तर काळाठिक्कर, आरपार काही दिसेना. अ‍ॅसिटेट असती तर उजेड आरपार दिसला असता. म्हणजे पॉलिस्टर. तो तेवढा वाचला होता.

खोक्यावर इंग्रजीत इतकंच लिहिलेलं की हा इन्स्टिट्यूटमधला, म्हणजे रेल्वेच्या क्लबमधला, ख्रिसमसचा नाच आहे. सालाचा पत्ता नाही. दुसऱ्या बाजूला मात्र ड्रायव्हरची मुलगी बालगीतं म्हणते आहे. माळा ज्यांचा, त्या घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे ती १९५९ ची, आणि आवाज चार-पाच वर्षांच्या पोरीचा. म्हणून टेप १९६३ किंवा १९६४ च्या डिसेंबरची धरली आहे. यापेक्षा पक्कं कुणी सांगत असेल तर तो गिऱ्हाईक पाहून सांगतो आहे असं समजावं.

टेपमधली मुख्य चीज म्हणजे 'बॉडी अँड सोल'. जॉनी ग्रीन यांची १९३० ची चाल. अमेरिकन टेनरवादक कोलमन हॉकिन्सनं ११ ऑक्टोबर १९३९ ला ती वाजवली आणि तेव्हापासून टेनर सॅक्सोफोन हातात धरणाऱ्या प्रत्येकाची ती परीक्षा होऊन बसली. तिची प्रचलित पट्टी आपल्या भाषेत काळी एक, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीवर षड्ज. आमच्याकडे टेप लावली तेव्हा हार्मोनियम घेऊन बसलेल्या मित्रानं सांगितलं, ही तर पांढरी एक आहे, किंचित चढी. म्हणजे जवळजवळ अर्धा सूर खाली. आता प्रश्न आला. हे वादक सोप्या पट्टीत उतरवून वाजवत होते, की टेपच चुकीच्या वेगानं फिरत होती?

उत्तर टेपमध्येच होतं. त्या काळच्या घरगुती यंत्रांत विजेची घरघर मुद्रित व्हायची, आणि आपल्याकडच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. संगणकावर आवाजाचा स्पेक्ट्रम, म्हणजे वारंवारतांचा आलेख, पाहिला तर घरघर ४७ च्या जरा वर दिसली, तिची दुप्पट ९४ च्या वर. म्हणजे मुद्रण करताना यंत्र जोरात फिरत होतं आणि आपण ती टेप नेमक्या वेगानं वाजवली की सगळं खाली येत होतं. ५० आणि ४७ मधला हा फरक भरतो जवळजवळ बरोबर अर्धा सूर. त्या काळी विजेची वारंवारता तरी कुठे स्थिर असायची, पण फार तर थोडी इकडेतिकडे, अर्धा सूर नव्हे. वेग दुरुस्त केला आणि गाणं काळी एकवर येऊन बसलं. सोपं करून वाजवलेलं नव्हतं.

माणूस सापडला, म्हणजे तो हरवलाच नव्हता

वाजवणारा कोण, हे आम्ही जॅझच्या माहितगारांकडे विचारत होतो. मोतीबागच्या एका पेन्शनरानं चहा पिता पिता सांगून टाकलं, "तो? तो त कामठीचा. भीमजयंतीले वाजवे ना. अख्ख्या इंदोऱ्याले माहीत हाय." 'विस्मृतीत गेलेला कलावंत' अशा मथळ्याखाली ही गोष्ट कुणी लिहायला घेतली, तर हे वाक्य त्याच्यासमोर ठेवावं. उत्तर नागपुरातली एक पिढी या माणसाच्या सुरावर नाचली आहे. त्यांच्या वाजवण्याला जॅझ म्हणणारं कुणी तिथे नव्हतं, आणि जॅझ म्हणणारे होते ते तिथे जात नव्हते.

तरी ओळख पक्की करणं भाग होतं. म्हाताऱ्या माणसाला टेप ऐकवून "हे तुम्हीच ना?" विचारलं की तो हो म्हणतो. खोटेपणानं नव्हे, मायेनं म्हणतो. म्हणून टेपचा विषय न काढता आधी इन्स्टिट्यूटबद्दल बोलतं केलं. खुर्च्या कशा मांडत, दिवे कुठे, बँड कुठे बसे. बोलता बोलता काका म्हणाले, "त्या पियानोची मधली एक काळी पट्टी मुकी होती. पियानोवाला तिले चुकवून वाजवे, आन् मले तो सूर भरून काढा लागे." टेपवर पियानो नीट ऐकला तर पंचमाचा तो सूर वरच्या सप्तकात येतो, खालच्यात येतो, मधल्यात एकदाही येत नाही. मग टेप लावली. काकांनी डोळे मिटले नाहीत की पाणी काढलं नाही. पहिल्या आठ बारांनंतर (बार म्हणजे इथे चार मात्रांचा एक गट) म्हणाले, "रीड जुनी हाय."

रीडचं खरंच होतं. माउथपीसला लावायची आयात केलेली वेताची रीड महाग, म्हणून एकच महिनोन्‌महिने चालवायची, ब्लेडनं टोक तासत राहायचं. वाद्याची भोकं झाकणारे पॅड गळायला लागले की हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याकडून पातळ कातडं आणून बसवायचे. वाद्य १९५७ साली विलायतेला निघालेल्या एका वादकाकडून हप्त्यानं घेतलेलं. आज ते घरी आहे, पण वाजत नाही. वाद्य दुरुस्त होईल हो. काकांचे दात गेले. खालच्या ओठाला आतून दाताचा आधार लागतो, कवळीवर त्यांना माउथपीस धरता येत नाही.

ते हे शिकले कुठे

कामठी ही १८२१ पासूनची छावणी. छावणी आली की पलटणीचा बँड आला, आणि बँड आला की नोटेशन वाचणारी माणसं आली. काकांचे वडील अशाच एका बँडात मोठा ढोल वाजवत. मुलाच्या हाती क्लॅरिनेट दिलं ते तिथल्याच एका वाजवणाऱ्यानं. पुढे रेल्वेच्या नाचाच्या बँडात एक गोवेकर म्होरक्या भेटला. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत पोरांना सोल्फेज, म्हणजे नोटेशन पाहून स्वर म्हणणं, आणि व्हायोलिन शिकवत. मुंबईचे हॉटेलातले बँड, मग हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद याच माणसांवर उभे राहिले. हावडा-नागपूर-मुंबई मार्गावर वसलेल्या गावात त्यातला एखादा उतरला आणि राहिला, यात नवल नाही.

उरलेलं शिक्षण रेडिओवर. १९५५ पासून व्हॉइस ऑफ अमेरिकावर विलिस कोनोव्हर रात्री शॉर्टवेव्हवर जॅझ लावत असे. जगभरच्या इंग्रजी न येणाऱ्यांना कळावं म्हणून तो मुद्दाम सावकाश, सोप्या शब्दांत बोले. सातवीपर्यंत शिकलेल्या कामठीच्या पोराला ते पुरे होतं.

नागपूर आणि स्विंग, म्हणजे नाचाचं जॅझ, यांचं नातं आपल्याला वाटतं तितकं दूरचं नाही, हे जाता जाता सांगतो. 'अलबेला'मध्ये १९५१ साली हिंदी गाण्याला नाचायला लावणारे सी. रामचंद्र लहानपणी नागपुरातच शंकरराव सप्र्यांकडे गाणं शिकले होते. त्यांच्या हाताखाली ट्रम्पेट वाजवायला चिक चॉकलेट मुंबईत होता. काकांच्या हाताखाली मुकी पट्टी असलेला पियानो होता.

आता १९५६ सालाकडे पाहू, कारण या प्रकरणाची गाठ तिथे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली. विशीतले काका त्या गर्दीत होते. पुढे अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्य पुनर्रचना झाली, मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली आणि नागपूर मुंबई राज्यात आलं. सचिवालय गेलं, अधिकारी गेले, सिव्हिल लाइन्सच्या पार्ट्या ओसरल्या. रेल्वे इन्स्टिट्यूटचे नाच अँग्लो-इंडियन कुटुंबं होती तोवर चालले. साठच्या दशकात तीही पांगत गेली. ज्या महिनाभरात या वादकाचा एक श्रोता उठून जायला लागला, त्याच महिनाभरात दुसरा, धम्मदीक्षेच्या गर्दीतला, येऊन बसला. पहिला खुर्चीत बसून ऐकणारा होता, वादकाला मागच्या दारानं आत घेणारा, जेवण मागेच देणारा. काका त्याबद्दल कडवट नाहीत. "पैसे रोख भेटत होते," एवढंच म्हणतात. मुलगी मात्र ते वाक्य ऐकून दर वेळी खोलीबाहेर जाते.

किती चांगले होते?

संग्राहकानं पाठवलेल्या मसुद्यात एक शब्दप्रयोग होता: 'विदर्भाचा कोल्ट्रेन'. हे आधी निकालात काढायला हवं. काका अमेरिकन टेनरवादक जॉन कोल्ट्रेनसारखे जराही वाजवत नाहीत. त्यांचा सूर त्याच्या आधीच्या पिढीचा: जाड, हवेनं भरलेला, स्वराच्या शेवटी रुंद कंप घेणारा. हॉकिन्सच्या घराण्याचा म्हणा. १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये हा सूर जुना झाला होता. नागपुरात तो जुना झाला नव्हता, कारण इथे त्याच्यानंतरचं फारसं काही पोचलंच नव्हतं.

स्पूलवर जलद स्विंगची एक धूनही आहे. तिच्यात ते अडखळतात. तेच दोन-तीन तुकडे फिरवून फिरवून येतात, ड्रमवाला पुढे जातो आणि हे मागे राहतात. रूडी कॉटन या नावानं गाजलेले पारशी टेनरवादक कावस खटाऊ किंवा गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस यांच्यासारखे रोज रात्री हॉटेलात वाजवणारे, तालमीतले वादक आणि आठवड्यातून एकदा, तेही पाळी करून आल्यावर वाजवणारा फिटर, यांच्यातला फरक ऐकू येतो. तो लपवण्यात अर्थ नाही.

पण 'बॉडी अँड सोल' ऐका. बत्तीस बारांची ही चाल. पहिल्या आठ बारांचा तुकडा दोनदा, मग वेगळे आठ बार, ज्याला वाजवणारे ब्रिज म्हणतात, मग पुन्हा पहिला. या ब्रिजमध्ये घात आहे. तिथे षड्जच अर्धा सूर वर सरकतो: काळी एकवरून पांढरी दोन. चार बार तिथे काढले की तो खाली पांढरी एकवर उतरतो, आणि मग सरकत सरकत घरी यायचं. तानपुऱ्यात वाढलेल्या कानाला ही कल्पनाच पचत नाही. आपला षड्ज अचल. स्वर त्याच्याभोवती फिरतात, तो फिरत नाही. शिवाय टेनर हे बी फ्लॅटचं वाद्य, म्हणजे बोटं ज्या सुराची, त्याच्या खालचा सूर ऐकू येतो. ऐकू येणारी पांढरी दोन काढायला बोटं ई मेजरची लागतात, चार शार्पची, म्हणजे चार स्वर अर्ध्या सुरानं चढे. बँडातले कितीतरी जण ब्रिज आला की मूळ चाल साधी वाजवून सुटका करून घेत.

काका सुटका करून घेत नाहीत. ब्रिजच्या आधीच्या बारमध्येच ते मागच्या पट्टीतला एक सूर धरून ठेवतात, पियानो वर सरकतो, तो सूर क्षणभर बेसूर होतो, आणि मग ते सावकाश त्याला ओढून नव्या षड्जावर आणतात. ही मींड आहे. कोनोव्हरच्या रेडिओवर ती त्यांना कुणी ऐकवलेली नसावी. दुसऱ्या आवर्तनात तेच पुन्हा करतात, या वेळी सूर आणखी एक मात्रा उशिरा सोडतात. चुकून झालेली गोष्ट दुसऱ्यांदा इतकी नेमकी होत नाही. आमच्या गटात ख्याल ऐकणारे होते आणि जॅझ ऐकणारे होते. त्या जागेवर दोघांच्या तोंडून एकदमच 'वा' निघाला.

एवढ्या एका जागेसाठी हा स्पूल जपावा असं माझं मत आहे. मोठा वादक म्हणवून घ्यायला एवढं पुरेल का? नाही. ऐकायलाच हवा असा वादक म्हणायला पुरेल.

दुसरा ढीग

आता ज्या कॅसेटी संग्राहकाला नको आहेत, त्यांकडे येतो.

सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांत काकांचं वाजवणं तीन जागी चाले. लग्नसराईत बँड, तिथे मनोहारी सिंगांनी 'आराधना'च्या गाण्यात (१९६९) वाजवलेला सॅक्सोफोन हुबेहूब मागितला जाई, आणि दिला जाई. गणपती-शारदोत्सवात ऑर्केस्ट्रा. आणि वर्षभर भीमगीतं: १४ एप्रिलच्या मिरवणुका, वस्त्यांमधले रात्रभराचे कार्यक्रम, वामनदादा कर्डकांच्या परंपरेतली गाणी म्हणणारे स्थानिक गायक. कॅसेटचं यंत्र हाताशी आल्यावर ही गाणी ध्वनिमुद्रित होऊ लागली आणि दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या दिवशी पुस्तकांच्या शेजारी विकली जाऊ लागली. वेष्टनावर गायकाचं नाव, कवीचं नाव, कधी संगीतकाराचं. वाजवणारे सगळे मिळून 'वाद्यवृंद'.

कॅसेटींची अवस्था स्पूलपेक्षा बरी होती. दाबपट्टीचा स्पंज गळून पडलेला, म्हणून आवाज दबका येई. टेप काढून स्क्रूच्या नव्या खोक्यात बसवली की बहुतेक बोलू लागल्या. आमच्यातल्या एका मुलीनं हे काम केलं, आणि सगळ्या कॅसेटी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकणारीही तीच एकटी. बाकीचे स्पूलभोवती बसलो होतो. एके दिवशी तिनं निरोप पाठवला, ही फाइल ऐका, मधल्या म्युझिकपाशी.

ऐंशीच्या दशकातलं भीमगीत. ढोलकी, हार्मोनियम, बेंजो, आणि टेनर. धृवपद संपतं, अंतरा सुरू व्हायच्या आधी सॅक्सोफोनचा तुकडा. पहिल्यांदा तो मूळ सुरात येतो. दुसऱ्यांदा तोच तुकडा अर्धा सूर वर. हार्मोनियमवाल्याचा हात तिथेच आहे, त्यानं षड्ज सोडलेला नाही, त्यामुळे दोन बार दोन षड्ज एकमेकांना घासतात. मग तीच मींड, एक सूर उशिरापर्यंत धरून ठेवणं, सावकाश ओढून खाली आणणं, आणि बरोबर अंतऱ्याच्या समेवर घरी.

इन्स्टिट्यूटच्या नाचातला तो ब्रिज वीस वर्षांनी ढोलकीवर बसला होता. आणि खरं सांगायचं तर इथे तो जास्त धाडसी आहे. तिथे पियानो त्यांच्याबरोबर सरकत होता, इथे ते एकटे सरकतात.

काकांना विचारलं. हसले. "गायकानं पहिल्यांदा शिव्या देल्ल्या. म्हणे सूर कायले बिघडवतो? मंग लोकं बरोब्बर त्याच जागी शिट्ट्या माराले लागले, तवा गप झाला." पुढच्या कॅसेटींत तो प्रकार वाढत जातो. एका गाण्यात तर गायक त्यांच्यासाठी जागा सोडून थांबतो.

इथे आमच्यातली दुफळी मिटली. तोवर निम्म्या लोकांचं मत संग्राहकासारखंच होतं: स्पूल दुर्मीळ आहे, तो आधी निघू दे, कॅसेटींचं मागाहून पाहू. हे मत अगदीच चुकीचं म्हणता येत नाही. जॅझच्या जुन्या मुद्रणांना बाहेरदेशी गिऱ्हाईक आहे. दोन ढीग वेगळे केले की पहिला विकला जातो आणि दुसऱ्याच्या खर्चाची सोय होते. पण असं केलं तर ध्वनिमुद्रिकेवर जो माणूस दिसेल तो तरुणपणी एकदा चमकून विझलेला असेल. खरा माणूस विझला नव्हता. त्याची सर्वांत चांगली कल्पना साठच्या दशकात सुरू झाली, ऐंशीच्या दशकात पक्व झाली, आणि ती पक्व झाली ती जॅझच्या श्रोत्यांसमोर नाही. १९७८ साली मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली, अमेरिकन टेनरवादक सॉनी रोलिन्स वाजवून गेला. त्या वर्षीही काका कामठी रोडवर हाच प्रयोग करत होते.

दंतकथा याही प्रकरणात होत्याच. शेजारपाजारच्यांत अशी वदंता की जॅझ बँडचा प्रसिद्ध अमेरिकन म्होरक्या ड्यूक एलिंग्टननं काकांचं वादन ऐकून पाठ थोपटली. एलिंग्टनचा १९६३ चा भारत दौरा खरा आहे, त्यामुळे गोष्ट गोड वाटते. संग्राहकाला ती फारच आवडली. काकांनी एका वाक्यात संपवली: "मी तवा लग्नात वाजवून राहिलो होतो."

कागदपत्रं

थोडक्यात सांगतो, कारण यातलं बरंच वकिलाच्या टेबलावर ठरतं. 'बॉडी अँड सोल'चे संगीतकार जॉनी ग्रीन १९८९ साली वारले. भारतीय कायद्यात रचनेचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, म्हणजे २०४९ संपेपर्यंत. तेव्हा काकांची ध्वनिमुद्रिका काढायला ग्रीन यांच्या रचनेचा परवाना लागणार. भीमगीतांच्या बाबतीत कवींचे आणि संगीतकारांचे वारस शोधावे लागणार. त्यातले काही सापडले, आणि त्यांनी आनंदानं सही दिली. वादकाचे हक्क आपल्या कायद्यात १९९४ साली आले, मुदत वादनापासून पन्नास वर्षं. १९६३-६४ च्या वादनाला त्यांचा आधार घेता येईल असं वकिलाला वाटत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं मात्र वादकाला आणखी दोन गोष्टी दिल्या: हे वादन माझं आहे असं नाव लावून घेण्याचा हक्क, आणि आपल्या कामाची मोडतोड अडवण्याचा हक्क. जुन्या टेपला ते लागू पडोत न पडोत, करारात ते लिहून घ्यायला कुणी अडवत नाही. ते लिहून घेतले.

मोडतोडीचं कलम कामाला आलं. संग्राहकाला टेपमधली खरखर, नाचणाऱ्यांचे पाय, मधेच येणारं जेवणाचं बोलावणं, हे सगळं सॉफ्टवेअरनं पुसायचं होतं. जोरात पुसलं की काकांच्या सुरातली हवाही जाते, कारण यंत्राच्या दृष्टीनं तीही खरखरच. ठरलं असं की वेग दुरुस्त करायचा, घरघर कमी करायची, बाकी हात लावायचा नाही.

ठरलं ते

पहिला प्रस्ताव एकरकमी पैशांचा होता. मुलीनं तो परत पाठवला. या ताईंनी शाळेत मुलं सांभाळलेली आहेत, त्यांचं पत्र चार ओळींचं होतं आणि त्यात एकही विशेषण नव्हतं. आमच्या गटानं ताईंच्या बाजूनं एक लांब टिपण जोडलं, ज्यात स्पूलवरची ती जागा आणि कॅसेटवरची ती जागा एकापाठोपाठ लावून पाठवली. टिपण संग्राहकानं वाचलं की नाही माहीत नाही, पण त्या दोन तुकड्यांनी काम केलं. त्याचा फोन आला तेव्हा तो भीमगीताबद्दलच बोलत होता.

आता दोन बाजूंची एकच ध्वनिमुद्रिका. पहिली इन्स्टिट्यूटची, दुसरी भीमगीतांची. लग्नाच्या बँडमधलं काही घ्यावं का यावर अजून वाद आहे. माझ्या मते 'आराधना'ची नक्कल घेऊ नये, नक्कल उत्तम आहे पण तिच्यात काका नाहीत. उत्पन्नाचा वाटा विक्रीवर. सगळ्या टेपच्या प्रती घरी, आमच्याकडे आणि शहराबाहेर एका ठिकाणी. वेष्टनावर प्रत्येक वाजवणाऱ्याचं नाव, जेवढी काकांना आठवतात तेवढी. ढोलकीवाल्याचं त्यांना नुसतं घरचं नाव आठवतं, तर ते. कोल्ट्रेन नाही, एलिंग्टन नाही.

यादी पक्की करण्याआधी ती काकांना वाचून दाखवली. तोवर त्यांनी एकाही मुद्द्यावर मत दिलं नव्हतं, दर वेळी मुलीकडे बोट दाखवत. यादी मात्र त्यांनी दोनदा वाचायला लावली. मग जलद स्विंगच्या त्या धुनेवर बोट ठेवलं. संग्राहकाला ती हवी होती, आम्हालाही हवी होती, कारण तिच्यात बँड सगळ्यात मोकळा वाजतो आणि लोक ओरडतात.

"हे काढा."

आम्ही कारण सांगू लागलो. काकांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"त्याच्यात मी मागं पडलो हाय. काढा."

ती धून यादीतून काढली आहे.